बाशिंगाची राख

माझ्या आत्याच्या औषधात माती मिसळलेली आहे, असं मी एकदा सहा-सात माणसांसमोर, आमच्याच पडवीत उभं राहून, शुद्ध मराठीत जाहीर केलं होतं. हातात वही होती, वहीत आकडे होते, आणि केसांची मुद्दाम दोन वेण्यांऐवजी एकच वेणी घातलेली होती, कारण प्रयोगशाळेत काम करणाऱ्या बाईला दोन वेण्या शोभत नाहीत असा माझा समज होता. औषधात माती नव्हती. राख होती. आणि ती राख, मला कळायला लागल्यापासून, दर वर्षी मीच चाळून देत आले होते. इतकं सांगितलं की खरं तर सगळं सांगून झालं. पण माझी नात जुई म्हणते, आजी, तू शेवट आधी सांगून टाकतेस आणि मग तासभर बोलत बसतेस. तर आता तासभर बोलते.

आमचं घर वेल्ह्याच्या वरच्या अंगाला एका वाडीत होतं. वाडीचं नाव सांगून उपयोग नाही, एसटीच्या पाटीवर ते कधी आलं नाही. फाट्यावर उतरायचं आणि पाऊण तास चढायचं. घर दोन खणांचं, पुढे पडवी, पडवीच्या एका कोपऱ्यात उखळ आणि दुसऱ्या कोपऱ्यात चांगुणाआत्या. आत्या ही आबांची थोरली बहीण. सासरहून ती परत का आली हे घरात कुणी बोलत नसे, म्हणून मीही इथे बोलत नाही. मला कळतंय तेव्हापासून ती त्या कोपऱ्यात होती. पहाटे माझी झोप मोडायची ती तिच्या खोकल्याने नाही, की कोंबड्याने नाही, तर तिच्या सहाणेवरच्या घर्रघर्र आवाजाने. काहीतरी उगाळत असायची. आई चुलीपाशी नाचणीची भाकरी थापत असायची, त्या थापटण्याचा एक ठेका आणि सहाणेचा दुसरा, आणि मध्येच आबांचं गोठ्यात बैलाशी बोलणं. आबा माणसांशी जेवढं बोलायचे त्याच्या चौपट बैलाशी बोलायचे. पावसाळ्यात समोरचा तोरणा महिना महिना दिसायचा नाही, नुसती पांढरी भिंत उभी असायची, आणि आई ओढ्यातल्या खेकड्यांचं असं कालवण करायची की त्याच्या वासाने आबासुद्धा दोन शब्द जास्त बोलायचे. आज माझ्या फ्लॅटमध्ये मिक्सर आहे, एका मिनिटात सगळं वाटतो. तो थांबल्यावर मात्र मला वाटत राहतं की आता कुणीतरी खाकरून म्हणेल, “सुमे, उठली का गं?”

आत्याची विद्या एकच. बाशिंग. आंब्याच्या जुन्या झाडावर, ओल्या कातळावर हे नेचं चढतं. त्याची काही पानं हिरवी, लांब, कातरलेली असतात, आणि बुडाशी दुसरी, रुंद, तपकिरी, वाळक्या कागदासारखी, खोडाला चिकटून उभी. नवरदेवाच्या कपाळावर बाशिंग बांधावं तसं झाड दिसतं, म्हणून त्याचं नाव बाशिंग. औषधाला घ्यायचा तो त्याचा कांदा. कांदा म्हणायचं, पण तो कांद्यासारखा गोल नसतो. अंगठ्याएवढा जाड, आडवा सरपटत गेलेला, वरून तांबूस लव असलेला. लहानपणी मला तो मांजराच्या पायासारखा वाटायचा आणि मी त्याला कुरवाळत बसायचे. मुरगळलेला हात, लचकलेला पाय, सुजलेला गुडघा, यावर आत्या त्याचा लेप लावायची. हाड मोडलं असेल तर मात्र ती हात लावत नसे. बोटांनी चाचपून बघायची, आणि म्हणायची, “ह्ये माझं काम न्हाई, वेल्ह्याला डाक्टरकडं जावा.” पैसे घ्यायची नाही. कुणी शेंगा आणायचं, कुणी काकडी, कुणी नुसत्या गप्पा. त्या गप्पांसाठी निम्मी माणसं लचकून येतात असं आईचं मत होतं.

हिवाळा सरता सरता कांदे काढायचे. एका झाडावरचे सगळे कधीच नाही, निम्मे ठेवायचे. ते विळीवर कापायचे नाहीत, दगडाने ठेचून तुकडे करायचे. विळीवर का नाही, असं मी विचारलं तेव्हा आत्या म्हणाली, “लोखंड लागलं की काळं पडतंय.” मग सावलीत वाळवायचे, आणि वाळले की ऐनाच्या सालीच्या राखेत घोळून मडक्यात भरायचे, म्हणजे किडा लागत नाही. ऐनाची राख पांढरीशुभ्र असते, चुन्यासारखी. आमच्याकडे पावट्याचं बी, वालाचं बी, सगळं राखेतच राहायचं. राख जुन्या लुगड्यातून चाळायची माझ्याकडे होती. नाकातोंडात राख जाऊन मी भुतासारखी दिसायचे आणि आत्या म्हणायची, “आता तुला बी किडा लागायचा न्हाई.” लेप करायच्या आधी तुकडा तीन पाण्यांनी धुवायचा, हा शेवटचा नियम. हे सगळं मला पाठ होतं. नीट लक्षात ठेवा, पाठ होतं.

मग मी शिकायला भोरला गेले. राहायला उत्रोलीला, मावशीकडे. उत्रोलीचं सगळंच मऊ. जमीन सपाट, भात आंबेमोहोर, रटरटायला लागला की शेजारच्या घरात कळायचं. नाचणीवर वाढलेली मी पहिल्या आठवड्यात इतका भात खाल्ला की मावशीने शेवटी पातेलं माझ्यापासून लांब ठेवलं. रोज सकाळी चालत भोरला जायचं, पाय धुवून कॉलेजात शिरायचं. वनस्पतिशास्त्र माझा विषय. शेवटच्या वर्षाला प्रत्येकाने एक छोटा प्रकल्प करायचा होता, आणि आमचे रसायनाचे मुळाणी सर म्हणाले की आपल्याच डोंगरातलं एखादं औषधी झाड घ्या आणि त्याचं भौतिक आणि रासायनिक पृथक्करण करा. मुळाणी सर भोरचेच. उंच, किडकिडीत, खिशात कायम दोन पेनं आणि एक काचकांडी. कुणावर ओरडायचे नाहीत. नुसतं विचारायचे, “असं का बरं?” त्यापेक्षा ओरडलेलं परवडलं असतं. मी लगेच हात वर करून बाशिंग म्हणाले. सर खूश झाले. म्हणाले, दोन नमुने घे, एक तू स्वतः झाडावरून काढलेला आणि एक वापरणाऱ्या माणसाकडचा, आणि दोघांची तुलना कर.

पुढच्या सुट्टीत मी घरी गेले, आंब्यावरून एक कांदा काढला, नव्या पिशवीत घातला, आणि आत्याच्या मडक्यातून दोन मुठी तुकडे घेतले. आत्या पाठीमागून म्हणाली, “तीन पाण्यानं धू बाय.” मी मनात हसले. आम्हाला शिकवलेलं होतं की नमुना जसा आला तसाच तपासायचा. वहीत मी लिहिलं, नमुना अ, स्वतः गोळा केलेला. नमुना ब, स्थानिक स्त्रीकडून प्राप्त. स्थानिक स्त्री म्हणजे जिच्या मांडीवर मी अर्धं बालपण काढलं ती. आणि नमुना ब च्या वर्णनात पुढे लिहिलं, पृष्ठभागावर पांढरट थर, बहुधा बुरशी. ही वही अजून माझ्याकडे आहे. जुईने हे वाक्य वाचलं तेव्हा ती जमिनीवर बसून हसली, आणि मी तिला हसू दिलं.

पण ते दिवस फार सुखाचे होते हेही लिहून ठेवते. पितळी खलात कांदा कुटायचा, जाळीतून चाळायचा, रंग बघायचा, वास घ्यायचा, जिभेच्या टोकावर चव घ्यायची. तुरट, मागून किंचित कडू. ब्लेडने पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की आत कुणीतरी रांगोळीचे ठिपके गोलात मांडल्यासारखे दिसायचे आणि कडेला ती तांबूस लव, जी लव नसून बारीक खवले आहेत असं मला तिथे कळलं. पाण्यातला अर्क परीक्षानळीत घालून हलवला की रिठ्यासारखा फेस. अर्कात लोखंडाच्या क्षाराचे दोन थेंब टाकले की सगळं काळपट हिरवं. हे पहिल्यांदा झालं तेव्हा मी सरांना म्हणाले, “सर, म्हणून आत्या विळीवर कापत नाही.” सर थांबले. खिशातलं पेन काढून त्यांनी स्वतः ते माझ्या वहीच्या समासात लिहिलं. मला वाटलं, माझी आत्या आता विज्ञानात गेली. ते वाटणं जेमतेम आठवडाभर टिकलं.

कारण मग राखेची तपासणी आली. वाळलेली पूड चिनी मातीच्या छोट्या मुशीत घ्यायची, भट्टीत पूर्ण जाळायची, थंड करून तोलायची, पुन्हा जाळायची, पुन्हा तोलायची, वजन हलायचं थांबेपर्यंत. भोरची वीज मध्येच जायची आणि भट्टी निवायची, मग परत पहिल्यापासून. उरतो तो क्षार, त्याला एकूण राख म्हणतात. झाडात स्वतःचे क्षार असतातच, तेवढी राख येणारच. त्याहून फार जास्त आली तर बाहेरचं काहीतरी मिसळलंय. माझ्या नमुन्याची राख जेवढी हवी तेवढी आली. स्थानिक स्त्रीच्या नमुन्याची त्याच्या तिप्पट. मी तीनदा तोलली. शुक्रवारची संध्याकाळ होती, सर घरी गेले होते. त्यांनी सांगितलेली पुढची पायरी अजून बाकी होती, की ही राख आम्लात घालून बघायची. पण मला तोवर कळून चुकलं होतं. पुस्तकात लिहिलंच होतं, राख जास्त म्हणजे माती किंवा वाळू. रात्री मावशीने वाढलेला भात मला गेला नाही. मला वाईट वाटत होतं असं आत्तापर्यंत मी सगळ्यांना सांगत आले. खरं सांगायचं तर मला थोडा आनंद झाला होता. आपल्याला काहीतरी सापडलंय, जे आत्यालाही माहीत नाही.

शनिवारी नसरापुराहून वेल्ह्याची गाडी धरून मी घरी पोचले तेव्हा पडवी भरलेली होती. फाल्गुन होता, राबाला, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, फांद्या तोडायचे दिवस. वरच्या वाडीचे सखारामनाना ऐनाच्या झाडावरून खाली आले होते. त्यांची बायको पारूकाकू, दोन पोरं आणि दोन शेजारी त्यांना घेऊन आले होते.

“फांदीसंगं खाली आलं,” पारूकाकू आत्याला सांगत होती. “फांदी सोडायची तर धरून बसलं.”

“सोडली आसती तर राब कमी पडला आसता,” नाना म्हणाले. मनगट सुजून वांग्यासारखं झालं होतं.

आत्याने हळूहळू सगळं मनगट चाचपलं. “हाड जाग्यावर हाय. शीर दुखावली. आठ दिस हात हालवायचा न्हाई. पारू, तू ह्याला घास भरव.”

“मी भरवती. गप बसायचं औशद हाय का तेवढं बगा.”

सगळे हसले. आत्याने मडक्यात हात घातला, आणि मी चपला न काढता पायरीवरून म्हणाले, “आत्या, थांब. ते लावू नकोस.”

“आली व्हय बाय,” आत्या म्हणाली. “का गं?”

“मी तपासणी केली आहे. तुझ्या औषधात अशुद्धी आहे. तिप्पट राख निघाली. म्हणजे माती मिसळलेली आहे. ह्याला भेसळ म्हणतात.”

मी वही उघडून आकडे वाचून दाखवले. एकालाही ते कळत नव्हते, आणि म्हणूनच सगळ्यांना ते खरे वाटले. शेजाऱ्यांपैकी एकजण म्हणाला, “तरीच माझा गुडगा आजून बोंबलतुया.” पारूकाकू आत्याकडे न बघता मला म्हणाली, “म्हंजी इतकी वर्सं माती लावत व्हती व्हय आमाला?” मी म्हणाले, “अनवधानाने असेल.” अनवधानाने हा शब्द मी त्या पडवीत काढला.

आत्याच्या हातात तुकडा होता. पांढऱ्या राखेतला. तिने तो बघितला, माझ्याकडे बघितलं. मग तुकडा परत मडक्यात ठेवला आणि झाकण लावलं. “शिकल्याली हाय ती,” ती म्हणाली. “नाना, तुमी वेल्ह्यालाच जावा. डाक्टर पट्टी बांदंल.” माणसं उठली. घरात आईने तवा असा आपटला की आबा गोठ्यातून बाहेर आले, आणि पुन्हा आत गेले. संध्याकाळी हुलग्याचं पिठलं होतं. आत्याने नेहमीसारखं स्वतःच्या ताटातलं थोडं माझ्या ताटात सरकवलं. माझी समजूत अशी झाली की तिला पटलं.

सोमवारी सरांनी वही बघितली. तिप्पट राखेचा आकडा बघितला, मागचं पान उलटलं, आणि बोट ‘बहुधा बुरशी’वर थांबलं. “असं का बरं?” ते म्हणाले. मी उरलेल्यांतला एक तुकडा दाखवला. त्यांनी तो नखाने खरवडला, बोटांत ती भुकटी चोळली, आणि विचारलं, “तुमच्याकडे बी कशात ठेवतात?”

“राखेत,” मी म्हणाले, आणि तोंड मिटायचं विसरले.

मुशीतली राख सरांनी चंचुपात्रात घेतली आणि वर सौम्य आम्ल ओतलं. फसफस फेस वर आला, सोड्याची बाटली उघडल्यासारखा. मग तापवून, गाळून, त्यांनी गाळणकागद माझ्यासमोर धरला. कागदावर जवळपास काहीच नव्हतं. “माती असती, वाळू असती, तर ती विरघळली नसती. इथे बसली असती. ही लाकडाची चांगली, स्वच्छ राख आहे. आता उरलेले तुकडे पाण्याने धू आणि पुन्हा कर.” मी धुतले. तीन पाण्यांनी. वाळवले, कुटले, जाळले. दोन दिवसांनी आकडा आला, माझ्या नमुन्याला अगदी लागून. आत्याचा कांदा माझ्याहून काकणभर स्वच्छच निघाला, कारण तिने तो नीट खरवडला होता आणि मी माझा खरवडला नव्हता.

सर म्हणाले, “तू अर्ध्या वाटेत एसटीतून उतरलीस आणि म्हणालीस, वेल्हं आलं. असू दे. वहीत दुरुस्त होतं. अजून कुणाला सांगितलं नाहीस ना?”

मी म्हणाले, “नाही सर.”

वही दुरुस्त झाली. त्या शनिवारी घरी जाताना गाडीत माझ्या पुढच्या बाकावर बाजारची दोन पोती घेऊन दोघी बायका बसल्या होत्या, मी ओळखत नव्हते अशा. एक दुसरीला सांगत होती, “चांगुणाबाई न्हाई का, बाशिंगवाली. मातीची ढेकळं द्यायची म्हनं. तिच्या भाचीनंच पकडली.” दुसरी म्हणाली, “आगं बया. म्या दोनदा लावलंय.” मला तिथल्या तिथे बोलता आलं असतं. बाई, ती भाची मी, आणि मी मूर्ख आहे, एवढंच बोलायचं होतं. मी पदर तोंडावर ओढला आणि खिडकीबाहेर बघत बसले. एका आठवड्यात माझा शोध सगळं खोरं फिरून आला होता, आणि माझ्याही आधी गाडीत बसला होता.

पडवीतल्या कोपऱ्यात मडकं नव्हतं. ते अंगणात पालथं घातलेलं होतं, उन्हात. सहाण भिंतीला टेकवून उभी. आत्या पावटे सोलत होती. मी तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं. भट्टी, आम्ल, फेस, गाळणकागद. कागद मी घडी करून आणलाच होता, तो तिला दाखवला. तिने तो उन्हात धरून बघितला.

“कायच न्हाई ह्याच्यावर.”

“तेच तर, आत्या. काहीच नाही. म्हणजे तुझं खरं.”

“मला कशाला दावतीस? मला ठावं हाय माझ्या मडक्यात काय व्हतं. ज्येंच्याम्होरं बोललीस त्येंना दाव.”

म्हणून रविवारी सकाळी मी वही आणि तो कागद घेऊन वरच्या वाडीला गेले. आई येते म्हणाली, आत्याने तिला बसवलं. गुडघा बोंबलणाऱ्या शेजाऱ्याने माझं सगळं ऐकून घेतलं, चहा दिला, आणि म्हणाला, “आत्या तुझीच हाय. आता तू आसंच म्हणनार.” मी कागद दाखवला तर म्हणाला, कोऱ्या कागदात काय बघायचं. पारूकाकू ओट्यावर भांडी घासत होती. तिने मान वर केली नाही. “त्या दिशी तू कालिजातनं आली व्हतीस,” ती म्हणाली. “आज घरातनं आलीस. त्या दिशीचं आमी खरं मानलं.” मी रडायला लागले. तेव्हा मात्र तिने हात धुतले आणि मला गूळ-पाणी दिलं, पण बोललेलं मागे घेतलं नाही. नाना पट्टीचा हात मांडीवर घेऊन बसले होते. ते म्हणाले, “हात बरा व्हतोय. त्येनं बी झाला आसता, ह्येनं बी व्हतोय. पर डाक्टरकडं बाकड्यावर गप बसून ऱ्हावं लागतंय, सुमे. चांगुणाबाईकडं कसं, बोलणं व्हायचं.”

पुढे काय झालं ते थोडक्यात लिहिते, कारण लांबवून लिहिण्याजोगं त्यात काही नाही. काही घरं परत आली, काही आली नाहीत. आत्याने मडकं पुन्हा भरलं, पण अर्धं. नंतर वाडीपर्यंत रस्ता झाला, टेम्पो झाले, दवाखाना जवळ आला, आणि माझ्या चुकीशिवायही ती पडवी ओसरलीच असती, असं मी स्वतःला समजावते. परवा जुईने मोबाईलवरून बाशिंगाच्या पुडीचं पाकीट मागवलं. वर झाडाचं चित्र, मागे तपासणीचे आकडे, ओलावा इतका, एकूण राख इतकी, आम्लात न विरघळणारी राख इतकी. सगळं जिथल्या तिथे. मी आकडे वाचले आणि मान डोलावली, मुळाणी सरांनीही डोलावली असती. मग पाकीट फोडून नाकाशी धरलं. वास बरोबर होता, तुरट, जुन्या लाकडासारखा. पण माझं नाक आणखी कशाची तरी वाट बघत राहिलं. चुलीची, ओल्या सहाणेची, तिच्या लुगड्याची. जुई म्हणाली, आजी, किती वेळ हुंगतेस.

तर त्या रविवारी मी वरच्या वाडीहून परतले तेव्हा डोकं तापलेलं होतं आणि केस धुळीने भरलेले. दुपारची गाडी धरायची होती. आत्याने काही विचारलं नाही. पडवीत पाट टाकला, मला पुढे बसवलं आणि वाटीतलं खोबरेल माझ्या डोक्यावर थापायला लागली. बोटं खरखरीत, तुकडे ठेचून ठेचून झालेली. मी घरोघर काय झालं ते सांगत गेले, ती नुसतं हं म्हणत गेली. एक वेणी घालून झाली. ती सोडून तिने दोन घातल्या. मी घालू दिल्या. तिचं तोंड मला दिसत नव्हतं, म्हणूनच मला विचारता आलं. म्हटलं, आत्या, त्या दिवशी तू का नाही बोललीस? राख आहे, एवढं जरी म्हणाली असतीस तरी मी तिथेच गप्प बसले असते.

तिने रिबिनीची गाठ मारली, दुसरीही मारली, आणि हात माझ्या खांद्यांवर तसेच ठेवून म्हणाली, “माणसांम्होरं तुला खोटी पाडून म्या काय मिळवनार व्हते? पर सुमे, तू भट्टीला इचारलंस, काट्याला इचारलंस, तुज्या सरांना इचारलंस. म्या तर हितंच बसले व्हते. मला का न्हाई इचारलंस?”